मुंग्या, टेन्शन आणि थंडगार हात

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढायला लागले आणि पाहता पाहता निम्म्या शहराच्या हातापायांना मुंग्या यायला लागल्या. जन्मभर फिजिऑलॉजी शिकवल्यामुळे नात्यागोत्यात मी फुकटची डॉक्टर. त्या महिन्यात माझा फोन खाली ठेवायची सोय नव्हती.

"मावशी, हातापायांना मुंग्या येतायत. ओठांभोवतीसुद्धा झिणझिण्या आहेत गं. तेच असेल का?" भाचीने विचारलं.

"जिना चढता येतोय?"

"दोनदा चढून बघितला. दम लागला फक्त."

'ओठांभोवती' हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे पाठवलंच, पण हे प्रकरण श्वासाचं असावं असा माझा होरा होता, आणि तो खरा निघाला.

माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. कधी नुसते उसासेच वाढतात, त्याचं त्यालाही कळत नाही. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्तातला त्याचा दाब एरवी ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो घसरला की रक्त अल्कलीकडे झुकतं. अशा रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन मोकळं कॅल्शियम स्वतःला चिकटवून घेतं. या मोकळ्या कॅल्शियममुळेच मज्जातंतू एरवी ताळ्यावर असतात. ते घटलं की कुणी न छेडताही संदेश सुटायला लागतात. आधी संवेदनांचे तंतू, म्हणून मुंग्या. मग स्नायूंकडे जाणारे, म्हणून बोटं आखडतात. नेहमीच्या लॅबमध्ये एकूण कॅल्शियम मोजतात, मोकळं नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पेशंटला ऐकवलं जातं, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. खेळ कसले? तंतूमधून संदेश खरोखर धावलेला असतो.

प्रॅक्टिकलला मी हे दाखवत असे. एका धिप्पाड मुलाला भराभर श्वास घ्यायला लावला आणि दंडाला बी.पी.चा पट्टा फुगवून ठेवला. बघता बघता मनगट वाकलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्यात वळला. (पॅरिसच्या आर्माँ त्रूसोने १८६१ मध्ये दंड आवळून हाताचा हाच आविर्भाव नोंदवला होता.) "मॅडम, मी करत नाहीये हे!" तो ओरडला. वर्ग हसला, पण पुढे कुठल्याही पेशंटला 'ढोंगी' म्हणताना त्या वर्गातल्या एकाची तरी जीभ अडखळली असेल, असं मला वाटतं. जाता जाता, सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावू नका. धाप दम्याची किंवा हार्ट अटॅकची निघाली, तर ऑक्सिजन कमी पडून जिवावर बेतेल.

चिंतेच्या अशा दुखण्यांचा इतिहास सांगायलाच हवा म्हणून सांगते. अमेरिकेत १८६९ मध्ये बिअर्डने न्युरास्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, हे नाव रूढ केलं, १८७१ मध्ये दा कोस्टाने यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडत्या छातीवर लिहिलं, १८९५ मध्ये फ्रॉइडने चिंतेचा विकार न्युरास्थेनियापासून वेगळा काढला. झाला इतिहास.

आता माझा लाडका विषय, एनसीव्ही. "नस दबलीय का बघू, एनसीव्ही काढून आणा," असं डॉक्टर म्हणतात तीच तपासणी. नसेला विजेचा बारीकसा झटका द्यायचा आणि संदेश किती वेगाने पोचतो ते मोजायचं. हाताच्या नसेत सेकंदाला ५० मीटरच्या वर असेल तर उत्तम. हा वेग पहिल्यांदा मोजला हेल्महोल्ट्झने, १८५० च्या सुमारास, क्योनिग्सबर्गमध्ये, बेडकाच्या नसेवर. त्याचे गुरू योहानेस म्युलर हा वेग कधी मोजताच येणार नाही असं मानत. आकडा आला सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. आगगाडीपेक्षा फार जास्त नाही! बेडकाची नस गार केली की वेग आणखी घटतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

आणि इथेच चिंता तपासणीच्या खोलीत शिरते. घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, हात गार पडतात. त्यात बाहेरच्या बाकावर एसीखाली तासभर बसलेलं. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने कमी होतो. म्हणजे ३२ अंशांना ५५ दाखवणारी नस २६ अंशांना ४३-४४ दाखवेल. नस ठणठणीत आणि रिपोर्ट वाईट! तो हातात पडल्यावर पेशंट रात्रभर नेटवर आजार शोधत बसतो, आणि मुंग्या वाढतात.

एका लॅबमध्ये मी मुद्दाम बसून बघितलं. टेक्निशियन बाईंनी समोरच्या काकूंचा हात आधी स्वतःच्या हातात घेतला. "काकू, बर्फ झालाय की हात! चला, आधी शेकू." गरम पाण्याची पिशवी, वर टॉवेल, काकूंच्या सुनेची चौकशी. मग त्वचेला तापमापक लावून तो ३२ च्या वर गेल्यावरच इलेक्ट्रोड चिकटवले. मला त्या म्हणाल्या, "गार हाताची लाट मंद असते पण उंच येते. नस खराब असेल तर सहसा उंची पडते." हे मी पुस्तकातून शिकवत आले होते, त्या रोज डोळ्यांनी बघत होत्या. स्नायूंची वीज मोजणाऱ्या ईएमजीची सुई टोचतानाही तेच दुखणं: स्नायू सैल सोडल्याशिवाय नीट वाचता येत नाही, आणि घाबरलेल्याला सैल सोडणंच जमत नाही.

यंत्रापेक्षा माझा जीव रबरी हातोडीवर जास्त. चिंतेत गुडघा टोला बसताच उसळतो, दोन्हीकडे सारखा. जीबीएसमध्ये बहुतेकदा ही उसळीच नाहीशी होते, आणि अशक्तपणा पायाकडून वर चढत जातो. पहिल्या काही दिवसांत एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते, म्हणून हातोडीची किंमत. असा चढता अशक्तपणा, एकाच बाजूचं अचानक लुळं पडणं, बोबडी वळणं, लघवी अडणं यांपैकी काही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि आधी हॉस्पिटल गाठा.

मुंग्यांसारखीच भीती फडफडीची. डोळा लवला तर आजी शुभ-अशुभ बघायची. आजचा नातू मोटर न्यूरॉनचा आजार बघतो. विशेष म्हणजे या भीतीत डॉक्टर मंडळीही मागे नाहीत. मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये नुसतंच स्नायूंचं फडफडणं असलेल्या १२१ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. एकालाही तो आजार झाला नव्हता. फडफडीबरोबर स्नायूची ताकद किंवा मांस कमी होतंय का, हा खरा प्रश्न.

उलटी चूकही, म्हणजे खरा आजार टेन्शनवर ढकलण्याची, तितकीच होते, आणि बायकांच्या बाबतीत जरा जास्तच, असं माझं मत. आमच्या शेजारच्या वहिनी शाकाहारी, शुगरसाठी कैक वर्षं मेटफॉर्मिन. आपल्याकडे शाकाहारात बी-१२ मुळातच तुटपुंजं, आणि ही गोळी ते आणखी कमी करू शकते. तळपायांच्या मुंग्यांना दोन ठिकाणी 'टेन्शन' हेच उत्तर मिळालं होतं. वहिनी काळजी करणाऱ्या आहेत हे खरंच, त्यामुळे ते सगळ्यांना पटलंही. तिसऱ्या डॉक्टरांनी नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. वहिनींना त्याची थरथर काही कळेना. घोट्यावर पुसटसं, गुडघ्यावर स्वच्छ. चिंतेने असं होत नाही. बी-१२ तपासलं, फारच खाली होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही महिन्यांत मुंग्या बऱ्याच ओसरल्या. टेन्शन मात्र आहे तसंच आहे. ते थोरल्याच्या लग्नाचं होतं, आणि तो अजून मुली बघायलाच तयार नाही.