विरामचिन्हांची परीक्षा

जुन्या मोडी पत्रांत स्वल्पविराम आढळत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांनीं विरामचिन्हें मराठींत रूढ केलीं. हीं चिन्हें मुलांस खरोखर कळलीं कीं नाहीं, हें शिक्षकानें कसें ओळखावें? केवळ व्याख्या म्हणवून घेऊन तें समजत नाहीं.

साताऱ्याजवळची माहुली असो वा सांगली, कृष्णेचा पूर तेथील मुलांनीं पाहिलेला असतो. तेव्हां फळ्यावर एकच वाक्य लिहावें : "नाव सोडूं नका थांबूं." नदीला पूर आहे, असें सांगून तें मोठ्यानें वाचावयास लावावें. "नाव सोडूं नका, थांबूं" असें वाचणारा उतारूंस वांचवितो. "नाव सोडूं, नका थांबूं" असें वाचणारा त्यांस पुरांत लोटतो. हा भेद ज्यास सांगतां आला, त्यास स्वल्पविराम कळला.

व्याकरणाचेंही तसेंच. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें. पण नुसते नियम पाठ असणें म्हणजे व्याकरण येणें नव्हे. "नावाड्यानें नाव सोडली" यांत नावेऐवजीं 'होडकें' घालावयास सांगावें. मूल सहज 'सोडलें' म्हणेल. नावाडी तोच असतां क्रियापद कां बदललें, हें त्यानें सांगितलें, म्हणजे कर्मणि प्रयोग समजला. संज्ञा मागाहून द्यावी.

उत्तर चुकल्यास गुण कापण्यापूर्वीं वाक्य पुन्हां वाचवून घ्यावें. पुष्कळदां आपली चूक मुलास आपल्याच कानीं ऐकूं येते.