एम्. ए. चा अभ्यास

शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींस "पुढें काय होणार?" असें विचारिलें असतां नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत बहुधा दोनच उत्तरें ऐकूं येतात: डॉक्टर अथवा इंजिनियर. लातूरच्या महाविद्यालयांनीं बारावीच्या परीक्षेंत मिळविलेल्या यशामुळें 'लातूर पॅटर्न' हें नांव महाराष्ट्रभर झालें, आणि आज नीट परीक्षेच्या तयारीसाठीं परजिल्ह्यांतील मुलेंही या दोन शहरांत येऊन राहतात. त्या यशाचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु त्यामुळें लोकांच्या मनांत एक उतरंड रचली गेली आहे. ज्यास तेथें जागा मिळाली नाहीं तो आर्ट्सला गेला, आणि ज्यास बी. ए. नंतर नोकरी लागली नाहीं तो एम्. ए. ला बसला, म्हणजे एम्. ए. ही मागें उरलेल्यांची पंगत, असा हा समज आहे. तो कितपत खरा आहे, त्या दोन वर्षांत खरोखर काय करावयाचें असतें, आणि त्या वाटेस कोणीं जावें व कोणीं जाऊं नये, हें सरळ शब्दांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही पदवी आमच्या दाराशीं कशी आली तें पाहूं. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानाचें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं हैदराबाद येथें स्थापन झालें व त्याचें माध्यम उर्दू होतें. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकावयाचें तर हैदराबाद गांठून तें उर्दूंतून शिकावें लागे, नाहीं तर संस्थानाबाहेर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. संस्थान मुक्त झाल्यावर १९५० सालीं नांदेड येथें पीपल्स कॉलेज निघालें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. पुढें १७ सप्टेंबर १९९४ रोजीं, मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिदिनीं, नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे आज त्याच्या कक्षेंत असून लातूर येथें त्याचें उपकेंद्र आहे. ज्या पदवीसाठीं आजोबांस परमुलूख गांठावा लागे, ती नातीस बसच्या भाड्यांत मिळूं लागली. दाराशीं आलेल्या वस्तूची किंमत वाटेनाशी होते, तसेंच थोडेंबहुत या पदवीचें झालें आहे.

आतां त्या दोन वर्षांत करावयाचें काय? बी. ए. होईपर्यंत विद्यार्थी बहुतेक तयार उत्तरें शिकतो. एम्. ए. ला तें उत्तर कोणीं व कशाच्या आधारें दिलें हें शिकावयाचें असतें. जवळचेंच उदाहरण घेऊं. १७६० च्या आरंभीं उदगीर येथें मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला, हें वाक्य शाळेंतील मुलासही पाठ करितां येईल. एम्. ए. चा विद्यार्थी विचारतो: ही हकीकत कोणत्या पत्रांत आहे? तें पत्र कोणीं, कोणास व लढाईनंतर किती दिवसांनीं लिहिलें? विजय फुगवून सांगण्यांत लिहिणाऱ्याचा कांहीं लाभ होता काय? दुसऱ्या पक्षाचे कागद काय म्हणतात? यासाठीं त्यास मोडी वाचावी लागते, आणि निजामाच्या बाजूचे कागद पाहावयाचे तर फारसी शिकावी अथवा ती जाणणाऱ्याचें साहाय्य घ्यावें लागतें. समाजशास्त्राचा विद्यार्थी कागदांऐवजीं माणसांकडे जातो. पण त्याचाही प्रश्न तोच असतो: हें मला कसें कळलें, आणि तें चुकीचें असूं शकेल काय?

या अभ्यासाची आजची रचना अशी आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम्. ए. दोन वर्षांची, म्हणजे चार सत्रांची असते. महाराष्ट्रांत २०२३ पासून लागू झालेल्या रचनेप्रमाणें दर सत्रास २२ व एकूण ८८ श्रेयांक असतात. श्रेयांक म्हणजे अभ्यास मोजण्याचें माप. व्याख्यानांच्या विषयांत एक श्रेयांक म्हणजे १५ तासिका. मुख्य विषयाच्या आवश्यक पत्रिकांबरोबर कांहीं पत्रिका स्वतः निवडावयाच्या असतात, संशोधनाची पद्धति शिकावयाची असते, वर्गाबाहेर जाऊन प्रत्यक्ष काम करावयाचें असतें, आणि अखेरीस एक संशोधन-प्रकल्प लिहावयाचा असतो. पहिल्या वर्षानंतर अडचणीमुळें थांबावें लागलें तर पदव्युत्तर पदविका मिळते. गुणही केवळ सत्राच्या परीक्षेचे नसतात; मधल्या काळांतील निबंध, चाचण्या व चर्चासत्रें यांचेही धरले जातात.

यांपैकीं चर्चासत्र हें या अभ्यासाचें मर्म आहे असें आम्ही समजतों. विद्यार्थ्यानें एका प्रश्नावर वाचन करून निबंध लिहावयाचा, तो वर्गापुढें वाचावयाचा, आणि मग सोबत्यांनीं व अध्यापकांनीं त्यावर शंका काढावयाच्या, अशी ही रीत आहे. तींतून काय घडूं शकतें याचें उत्तम उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांचें होय. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन ते १९१३ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र; पण त्याबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास त्यांनीं केला, आणि प्राचीन भारतांतील व्यापारावर प्रबंध लिहून १९१५ सालीं ते एम्. ए. झाले. पुढच्या वर्षीं, ९ मे १९१६ रोजीं, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रांत त्यांनीं भारतांतील जातींच्या उत्पत्तीवर एक निबंध वाचला. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. चर्चासत्रासाठीं लिहिलेला तो निबंध १९१७ सालीं 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकांत छापला गेला, आणि शंभराहून अधिक वर्षें लोटलीं तरी जातीचा अभ्यास करणारे आजही तो वाचतात. जें स्वतः सोसलें त्याविषयीं केवळ संताप न करितां, त्याची घडण कशी झाली असेल हें तर्कानें व पुराव्यानें विचारणें, ही शिस्त त्या निबंधांत दिसून येते.

एम्. ए. ला जाणारा प्रत्येक विद्यार्थी आंबेडकर होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु विचारण्याजोगे प्रश्न शोधण्यास अमेरिकेंत जावें लागत नाहीं. ते आमच्या उंबऱ्याशींच पडले आहेत. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें. पहिली गाडी १० टाक्यांची होती व तींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी आलें. ज्यांनीं त्या उन्हाळ्यांत घागरी घेऊन रांगा लावल्या ते तो विसरणार नाहींत. पाणी कसें आणावें हें इंजिनियरांनीं दाखविलें. पण जेथें मांजरा धरण कोरडें पडतें तेथें इतका ऊंस कां लावला जातो, शेतकऱ्यास दुसरें पीक कां परवडत नाहीं, पाण्याचा वांटा शहरास किती व शेतास किती हें कोण ठरवितो, आणि घरांत पाणी भरण्याचा भार कोणावर पडतो, हे प्रश्न अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे व समाजशास्त्राचे आहेत. त्यांचा विचार झाल्यावांचून तशी गाडी पुन्हां आणावी लागणार नाहीं असें कोणीं म्हणावें?

तसेंच किल्लारीचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत हजारों माणसें आपल्याच घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. त्यानंतर लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. धक्का सोसणाऱ्या भिंती उभारणें हें स्थापत्याचें काम झालें. परंतु रुंद रस्त्यांच्या त्या नव्या गांवांत जुना शेजार, भाऊबंदांची गल्ली व पारावरची बैठक यांचें काय झालें, हें विटा मोजून कळत नाहीं. तेथें जाऊन माणसांजवळ बसावें लागतें आणि त्यांचें बोलणें जसेंच्या तसें टिपून घ्यावें लागतें. भाषेच्या विद्यार्थ्यासही हा प्रदेश समृद्धच आहे. देगलूर-बिलोलीकडे मराठीशेजारीं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि गांवोगांवच्या बाजारांत दखनी उर्दू कानीं पडते.

आतां पालकांच्या मनांतील प्रश्न: पोटाचें काय? येथें गोड बोलून कोणास फसविणें बरें नव्हे. एम्. ए. ची पदवी एकटी नोकरी देत नाहीं. कनिष्ठ महाविद्यालयांत शिक्षक होण्यास एम्. ए. बरोबर बी. एड्. लागतें. वरिष्ठ महाविद्यालयांत अध्यापक होण्यास एम्. ए. ला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांस ५० टक्के), आणि त्यावर देशपातळीवरील नेट अथवा महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठींची सेट परीक्षा, किंवा पीएच्. डी., लागते. नेटमध्यें वरचा क्रमांक लागून संशोधनाची अधिछात्रवृत्ति मिळाल्यास, २०२३ सालीं वाढविलेल्या दराप्रमाणें आरंभीं दरमहा ३७,००० रुपये मिळतात. परंतु परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे जागा मिळालीच असें नाहीं. नेट व पीएच्. डी. हीं दोन्ही असूनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें शिकविणारे अध्यापक महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. स्पर्धापरीक्षांस तर बी. ए. पुरते, केवळ वसतिगृहांत खोली मिळावी व बाहेरचा अभ्यास चालावा म्हणून एम्. ए. ला नांव घालणें म्हणजे दोन्ही कामांचें नुकसान करून घेणें होय.

खर्चाच्या बाबतींत मात्र ही वाट सोपी आहे. सरकारी शिष्यवृत्त्या व राजर्षी शाहू महाराज शिक्षणशुल्क योजना यांसाठीं महाडीबीटीवर वेळींच अर्ज करावा. ज्यास नोकरी सोडणें शक्य नाहीं त्यास १९८९ सालीं स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठांतून घरीं राहून शिकतां येतें. ज्यास हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठासारख्या ठिकाणीं जावयाचें असेल त्यानें सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षेची तयारी बी. ए. च्या शेवटच्या वर्षीं करावी.

मग एम्. ए. ला जावें कोणीं? ज्याच्या मनांत एखादा प्रश्न घर करून बसला आहे, ज्यास एकाच विषयावरचीं परस्परविरोधी दोन पुस्तकें वाचण्याचा कंटाळा नाहीं, आणि ज्यानें पुढच्या उपजीविकेचा विचार डोळे उघडे ठेवून केला आहे, त्यानें अवश्य जावें. ज्यास दुसरें कांहींच सुचत नाहीं म्हणून तो जातो, त्यानें आधीं एक वर्ष कांहीं काम करून पाहावें.

तयारी मात्र शाळेंतच सुरू करितां येते. मराठी व इंग्रजी नीट लिहावयास शिका, आणि शेजारची एक भाषा, उर्दू, तेलुगू अथवा कानडी, कानावरून तरी उचला. गाइडांतील उत्तर उतरून न घेतां धडा मिटून तें आपल्या शब्दांत लिहा. तिसरें काम सुट्टींतलें आहे. घरांतील वडील माणसांस १९७२ च्या दुष्काळाची अथवा किल्लारीच्या त्या पहांटेची आठवण विचारा. सांगणाऱ्याचें नांव, गांव व तारीख घालून ती वहींत लिहून ठेवा. मग तीच गोष्ट दुसऱ्या आजीस विचारा, आणि दोन हकीकतींत कोठें फरक पडतो तें पाहा. एम्. ए. च्या अभ्यासाचा पहिला धडा तुम्हीं गिरविला असें समजा.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलगी बी. ए. झाली कीं "आतां स्थळ पाहूं" आणि मुलगा नीटमध्यें मागें पडला कीं "आतां याचें कांहीं खरें नाहीं" असें म्हणण्यापूर्वीं, त्या मुलास किंवा मुलीस काय जाणून घ्यावेंसें वाटतें हें एकदां जवळ बसवून विचारावें. उत्तर मिळालें तर वर दिलेला जमाखर्च तिच्यापुढें मोकळेपणानें मांडावा, आणि निवड तिला करूं द्यावी.