राजांची जोडी टाकून देताना

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. त्यांत राजांची जोडी येण्याची शक्यता 221 मध्ये एक. तासन्‌तास भाकड पानं टाकत बसल्यावर ती हाती आली, की सोडवत नाही. तिच्याहून वरचढ जोडी एकच, एक्क्यांची. तरीही कसलेला खेळाडू कधीकधी हीच जोडी टाकतो. तीन पत्तीत म्हणतात तसा ‘पॅक’ होतो. हे कसं जमतं, ते मोजून पाहण्यासारखं आहे.

समजा, मधली सामाईक पानं उघडण्याआधीच डाव तापला. मधे 100 चिप्स आहेत आणि समोरच्यानं आपल्या उरलेल्या 100 पुढे सरकवल्या. गडी अतिशय सावध; एक्के किंवा राजे असल्याशिवाय इतकं न करणारा. चार एक्क्यांतून जोडी सहा प्रकारे बनते. राजे मात्र दोन तुमच्याकडेच आहेत, म्हणून त्याच्याकडे राजांची जोडी असण्याचा प्रकार एकच उरतो. सातांतल्या सहा वेळा तुमची गाठ एक्क्यांशी, आणि तिथे राजे जिंकतात जेमतेम 18 टक्के. सगळं धरून तुमचा वाटा 23 टक्क्यांच्या आसपास. 300 च्या ढिगासाठी 100 मोजायच्या, तर किमान 33 टक्के हवेत. पानं टाकावीत.

आता तोच गडी राण्यांची जोडी घेऊनही असाच भिडत असेल, तर आणखी सहा प्रकार वाढतात. तुमचा वाटा एकदम 50 टक्क्यांवर जातो, आणि टाकणं ही चूक ठरते. तुमचं एकही पान बदललेलं नाही! मला या खेळातलं सर्वांत सुंदर गणित हेच वाटतं.

मग गणित येणाऱ्यांचाही हात का अडतो? मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 च्या निबंधात एक प्रश्न मांडला होता: 3,000 चं खात्रीचं नुकसान पत्कराल, की 4,000 गमावण्याची 80 टक्के शक्यता? दुसऱ्या पर्यायात सरासरी तूट 3,200, म्हणजे जास्तच. तरी 92 टक्के लोकांनी तोच निवडला. पॅक होणं म्हणजे लावलेल्या चिप्स गेल्या, हे आत्ताच मान्य करणं. मन त्यापेक्षा जुगार पत्करतं.

यंत्राचा हात मात्र असा अडत नाही. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रॅमनं चार व्यावसायिक खेळाडूंना 20 दिवसांत, 1,20,000 डावांत हरवलं. तो शिकला होता स्वतःशीच असंख्य डाव खेळून. दुसरी चाल केली असती तर किती जास्त मिळालं असतं, याचा हिशेब तो ठेवत गेला. संशोधक या आकड्याला ‘खंत’च म्हणतात.

माणसाला हा हिशेब मांडताच येत नाही. त्यानं राजे टाकले, की समोरच्यावर पानं दाखवायचं बंधन उरत नाही. ती झाकलेलीच गड्डीत जातात आणि पिसली जातात.