चाळिसावा दिवस आणि तिसावा रोजा

रमजानचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी नांदेडच्या देगलूर नाक्याजवळच्या एका घरात बाळ दहा दिवसांचं होतं. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आलेली, सासर लातूरचं. दादीचा रोज फोन : ईदला नातू लातुरातच हवा. नानीचं उत्तर ठरलेलं : चिल्ला पुरा झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मग बोटांवर हिशेब सुरू झाला. एकोणतिसाचा चंद्र झाला तर ईद नेमकी चाळिसाव्या दिवशी, तिसाचा झाला तर एक्केचाळिसाव्या. ईदच्या चंद्राकडे सगळ्यांचेच डोळे लागतात. या घराला आणखी एक कारण मिळालं.

चिल्ला म्हणजे चाळीस दिवस. शेजारच्या हिंदू घरांतला सव्वा महिना हा त्याचाच सख्खा भाऊ. शेक, डिंकाचे लाडू, कपाळाला काजळाचा टिक्का, फरक शोधायला गेलं तर थोडाफार नावांचा. शरीयतमध्ये मात्र बाळाला चाळीस दिवस घरात ठेवा असं कुठे नाही. तो आकडा आईचा आहे. बाळंतपणानंतरच्या स्रावाची, म्हणजे निफासची, हनफी फिकहनुसार जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस. तोवर नमाज माफ, रोजाही नाही. स्राव आधी थांबला तर गुस्ल करून नमाज तेव्हापासूनच सुरू करायची. पण किती घरांत चाळीस भरेपर्यंत बाईला मुसल्याजवळ फिरकू देत नाहीत! सुटलेली नमाज पुन्हा पढायची नसते, रोजे मात्र नंतर कजा करायचे. अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल, तर तिलाही रोजे पुढे ढकलायची मुभा आहे. या घरातल्या लेकीनं तेच केलं.

आणि खरं सांगायचं तर बाळानं उंबरा केव्हाच ओलांडला होता.

सातव्या दिवशी अकीका ठरला होता. बकरे दारात बांधलेले, न्हाव्याला निरोप गेलेला. त्याच दिवशी आशाताई तिच्या ठरलेल्या भेटीला आली. तिनं बाळाची दुपटी सोडली, तळपायावर बोट दाबून पाहिलं. तळवे पिवळे. बाळ सकाळपासून नीट प्यायलंही नव्हतं, नुसतं झोपून होतं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात," आशाताई म्हणाली. सगळ्यांनी नानीकडे पाहिलं. चिल्ल्याचा नियम तिचाच. नानीनं काही न बोलता बुरखा चढवला, बाळाला शालीत गुंडाळलं आणि रिक्षा थांबवायला स्वतः रस्त्यावर गेली.

तीन दिवस बाळ निळ्या दिव्याखाली होतं. नवजात बाळांना कावीळ सर्रास होते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. पण पिवळेपणा तळव्यांपर्यंत पोहोचला आणि बाळ पीत नसलं, तर ती मेंदूलाही इजा करू शकते. दहाव्या दिवशी मगरिबच्या सुमारास रिक्षा परत दारात थांबली तेव्हा गल्लीत पोरं चंद्र दिसल्याचा गलका करत होती. अकीका चौदाव्या दिवशी झाला. तीन दिवसांच्या त्या बाहेर जाण्याचं नाव मात्र घरात कुणी काढलं नाही. ते मोजण्यात धरलंच नव्हतं.

एकोणतिसाव्या रोजाला आभाळ भरून आलेलं. चंद्राची खबर कुठूनच आली नाही. नानीनं सुस्कारा सोडला. तिसाव्या रोजाची सहेरी झाल्यावर मायलेकरांना न्हाऊ घातलं आणि ऊन चढायच्या आत गाडी निघाली. गोदावरीच्या पुलावर नानीनं खिडकीतून नदीत नाणं टाकलं. "अम्मी, हे कुठं लिहिलंय?" मुलानं विचारलं. "कुणी विचारलं तर सांग, हातातून पडलं," नानी म्हणाली. लोहा मागे पडलं. अहमदपूरला पाजण्यासाठी थांबले, मग चाकूर, मग लातूर. दादी दारातच उभी होती.

रात्री सोळा रस्ते मिळतात त्या गंजगोलाईत मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाळाला तिकडे नेलं नाही. पण बाळाच्या अब्बांनी फित्र्याचा हिशेब मांडला तेव्हा यंदा एक माणूस वाढला होता. ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या मुलाचाही फित्रा बापानं द्यायचा असतो. चाळीस दिवसांचं पोर स्वतः दुधावर, आणि त्याच्या नावे कुणाच्या तरी घरी ईदचा शिधा गेला.

बेचाळिसाव्या दिवशी, बासी ईदला, दीड महिन्याची लस होती. पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटा, सगळं एकदमच. चिल्ला आणि सहा आठवडे यांच्यात दोनच दिवसांचं अंतर, त्यामुळे या लसीबद्दल घरात वाद झाला नाही. नांदेडचं कार्ड लातुरातही चालतं.

केंद्रावर रांगेतल्या एका बाईनं बाळाचं जावळ काढलेलं डोकं पाहून विचारलं, "पहिल्यांदाच बाहेर काढलं का?"

"हो तर," नानी म्हणाली. "चिल्ला परवाच झाला." तिच्या हातातल्या कार्डात दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद चार घड्या घालून ठेवलेला होता.