चापड्याचा खळगा : उष्णतेचा स्पर्श की दर्शन ?

अमरकोशात सर्पाच्या पर्यायनामांमध्ये ‘चक्षुःश्रवा’ असे एक नाव आढळते. डोळे हेच ज्याचे कान, तो चक्षुःश्रवा. सर्पास बाह्यकर्ण नसतो, हे निरीक्षण या नावाच्या मुळाशी असावे. निरीक्षण यथार्थ आहे. निष्कर्ष मात्र तसा नाही. सर्पास आंतरकर्ण असतो व जमिनीची कंपने जबड्याच्या हाडावाटे तेथवर पोचतात. तथापि एका इंद्रियाने दुसऱ्याचे कार्य करावे, ही या नावातील कल्पना काही सर्पांच्या बाबतीत निराळ्या रीतीने खरी ठरली आहे. त्यांच्या ठायी पाहण्याच्या कामाचा काही वाटा त्वचेकडे आलेला आहे.

या सर्पांपैकी एक नाशिककरांस दूरचा नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, झाडीत व वेळूच्या बेटांत, हिरव्या रंगाचा चापडा राहतो. तो रात्री फांदीवर निश्चल पडून भक्ष्याची वाट पाहतो. त्याच्या मुखाच्या प्रत्येक बाजूस, डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान, एक खोल खळगा असतो. अजगराच्या ओठांवरील खवल्यांतही अशा लहान खळग्यांची ओळ असते. परंतु ते चापड्याच्या खळग्याइतके संवेदनक्षम नसतात. उलट नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सुपरिचित विषारी सर्पांस असा खळगा नाही. गंध, दृष्टी आणि जमिनीची कंपने यांवर त्यांची मुख्य भिस्त असते. यास्तव ‘साप अंधारात उष्णतेवरून सावज हेरतो’ हे विधान सरसकट सर्व सर्पांस लावणे योग्य नव्हे.

खळग्याची रचना साधी आहे. त्याच्या पोकळीत, दोन्ही अंगांस हवा राहील अशा बेताने, एक पडदा ताणलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पासष्टाव्या भागाइतकीच असते. इतका पातळ पडदा अत्यल्प उष्णतेनेही तत्काळ तापतो. खळग्याचे तोंड पडद्याहून अरुंद असल्यामुळे भक्ष्याच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण ज्या दिशेने येतात, त्यानुसार पडद्याचा निरनिराळा भाग तापतो आणि सर्पास दिशेचा बोध होतो.

या इंद्रियाचे कार्य क्रमाक्रमाने उलगडत गेले. १९३७ साली नोबल व श्मिट यांनी डोळे झाकलेल्या सर्पांपुढे कापडात गुंडाळलेले विजेचे दिवे धरले. सर्पांनी थंड दिवा सोडून उष्ण दिव्यावर झेप घेतली. १९५२ मध्ये बुलक व काउल्स यांनी खळग्याच्या तंत्रिकेतील विद्युत्स्पंद मोजले. ही तंत्रिका स्थिर स्थितीतही स्पंदत असते. पार्श्वभूमीहून उष्ण वस्तू समोर आली की स्पंद वाढतात, थंड आली की घटतात. म्हणजे इंद्रिय मोजते ते तापमान नव्हे, तर भेद. भाषेत वर्णाचे मूल्य इतर वर्णांशी असलेल्या भेदावरून ठरते, तसाच हा प्रकार आहे. पडद्याच्या तापमानात एका अंशाच्या काही सहस्रांशांइतका फरक पडला तरी पुरतो. परंतु भर उन्हात तापलेल्या कातळावर उंदीर व कातळ यांचे तापमान जवळजवळ सारखे झाल्यास हा भेद लोपतो. थंड रात्री तो ठळक असतो.

२०१० मध्ये ग्राचेवा, जूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुळखुळ्या सापाच्या तंत्रिकापेशींतील ‘टी.आर.पी.ए.-१’ हे प्रथिन या संवेदनेचे द्वार असल्याचे दाखविले. ते सुमारे २८ अंश सेल्सिअसला उघडते. माणसात हेच प्रथिन मोहरीच्या झणझणीची जाणीव करून देते. तापमान-संवेदनेच्या संशोधनाबद्दल जूलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तर मग या संवेदनेस म्हणावे काय ? खळग्याची तंत्रिका मुखाच्या त्वचेचा स्पर्श वाहणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-तंत्रिकेची शाखा आहे. उगमाच्या दृष्टीने हा स्पर्शच होय. परंतु न्यूमन व हार्टलाइन यांनी १९८१ मध्ये विशद केल्याप्रमाणे, तिचा संदेश अखेर मध्यमस्तिष्कात डोळ्याच्या संदेशास येऊन मिळतो आणि तेथे दोन्हींचे एकच चित्र होते. कार्याच्या दृष्टीने ते दर्शन ठरते. ‘उष्णतास्पर्श’ म्हणावे तर दिशा व अंतर यांचा बोध निसटतो. ‘उष्णतादर्शन’ म्हणावे तर उगम निसटतो. शिवाय शोध येथेच संपत नाही. दंश करून सोडलेला उंदीर दूर जाऊन मरतो, तेव्हा चापड्याच्या जातीचे सर्प जिभेने गंध टिपीत त्याचा माग काढतात. खळगा क्षण साधून देतो, जीभ सावज मिळवून देते. म्हणून परिभाषा घडविताना इंद्रियाचे नाव त्याच्या स्थानावरून नव्हे, तर त्याने पुरविलेल्या बोधावरून ठेवणे श्रेयस्कर. त्या दृष्टीने ‘उष्णतादर्शन’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो.