मत्स्यत्वचा आच्छादन

भाजल्यामुळे किंवा पोळल्यामुळे झालेल्या जखमेवर माशाची निर्जंतुक केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून बसविण्याच्या उपचारपद्धतीस मत्स्यत्वचा आच्छादन म्हणतात. या कामी मुख्यतः दोन माशांची त्वचा वापरली जाते : गोड्या पाण्यातील नाईल टिलापिया (ओरिओक्रोमिस नायलोटिकस) व उत्तर अटलांटिक महासागरातील कॉड (गॅडस मोऱ्हुआ). पहिलीचा वापर ब्राझीलमध्ये व दुसरीचा आइसलँडमध्ये विकसित झाला.

आच्छादनाची आवश्यकता : त्वचा शरीरातील पाणी व उष्णता राखते आणि सूक्ष्मजंतूंना अटकाव करते. ती जळाली की जखमेतून द्रव पाझरू लागतो व जंतुसंसर्गाचा धोका उत्पन्न होतो. पहिल्या प्रतीच्या भाजण्यात केवळ बाह्यत्वचेला इजा होते. दुसऱ्या प्रतीत अंतस्त्वचेचाही काही भाग जळतो. मात्र केसांची मुळे व घर्मग्रंथी यांचे अवशेष शिल्लक राहतात आणि त्यांतील कोशिकांपासून नवी बाह्यत्वचा तयार होऊ शकते. तिसऱ्या प्रतीत त्वचेची संपूर्ण जाडी नष्ट होते. तेथे बहुधा त्वचारोपणच करावे लागते [⟶ भाजणे व पोळणे].

दुसऱ्या प्रतीच्या जखमेत तंत्रिकांची टोके उघडी पडत असल्याने वेदना तीव्र असतात. अशा जखमेवर सिल्व्हर सल्फाडायाझिनाचे मलम लावून वर जाळीदार कापडाची पट्टी बांधण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. मलमाचा प्रभाव टिकविण्यासाठी ती वारंवार, पुष्कळदा रोज, बदलावी लागते. प्रत्येक वेळी जुने मलम धुऊन काढताना रुग्णाला असह्य वेदना होतात आणि पट्टीबरोबर नव्याने वाढलेल्या नाजूक कोशिकाही निघून येतात. म्हणून जखम भरेपर्यंत जागच्या जागी राहील अशा आवरणाचा शोध वैद्यक फार पूर्वीपासून घेत आले आहेत.

मृत्यूनंतर दान केलेली मानवी त्वचा हे यांतील सर्वोत्तम तात्पुरते आवरण होय. परंतु तिचा पुरवठा नेहमीच अपुरा असतो. १९६० नंतरच्या दशकात डुकराच्या त्वचेचा वापर वाढला. जेथे यांपैकी काहीच सहज मिळत नाही, तेथे स्थानिक वस्तूंकडे लक्ष वळले. मुंबईत एम्. एच्. केसवानी व त्यांचे सहकारी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीविषयीचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध केले, तर केळीच्या पानाच्या पट्टीची मुंबईतच झालेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. साल व पान जखमेला चिकटत नाहीत, हा त्यांचा गुण. मत्स्यत्वचा मात्र जखमेला चिकटून राहते आणि हाच तिचा विशेष आहे.

टिलापियाची त्वचा : महाराष्ट्रात चिलापी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशांपैकीच नाईल टिलापिया ही एक जाती आहे. ब्राझीलमध्ये तिची मोठ्या प्रमाणावर शेती होते आणि मांस काढून घेतल्यावर बहुतेक त्वचा टाकून दिली जात असे. त्या देशात त्वचापेढ्या मोजक्याच आहेत. या त्वचेचा उपयोग भाजलेल्या जखमांसाठी करण्याची कल्पना मार्सेलो बोर्जेस या शल्यचिकित्सकांना सुचली. पुढे फोर्तालेझा शहरातील सिआरा फेडरल विद्यापीठात एद्मार मासिएल व ओदोरिको दे मोराइस यांच्या नेतृत्वाखाली २०१५ च्या सुमारास तिच्यावर पद्धतशीर संशोधन सुरू झाले.

या त्वचेत पहिल्या प्रकारचे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन विपुल असते. तिची आर्द्रता व ताणबल पुरेसे असल्याने ती सांध्यांसारख्या हलत्या भागांवरही बसविता येते. संस्करणात प्रथम खवले व मांसाचे अवशेष काढून त्वचा स्वच्छ करतात. नंतर तिच्यावर क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची प्रक्रिया करून तिला वाढत्या संहतीच्या ग्लिसरॉलात ठेवतात. त्यामुळे पाण्याचा अंश घटतो व माशाचा वासही जातो. अखेरीस गॅमा किरणांनी तिचे निर्जंतुकीकरण करून ती शीत तापमानात साठवितात.

वापरापूर्वी त्वचा लवण विद्रावात धुतात आणि स्वच्छ केलेल्या जखमेवर कडांच्या बाहेर थोडी येईल अशी पसरून वर पट्टी बांधतात. ती जखमेला घट्ट चिकटते. त्यामुळे पाझर कमी होतो, उघड्या तंत्रिका झाकल्या जातात व वेदना उणावतात. उथळ जखमेवर ती बहुधा बदलावी लागत नाही. खाली नवी बाह्यत्वचा तयार झाली की ती वाळून कडक होते व पेट्रोलियम जेली लावून सहज सोडविता येते.

उथळ दुसऱ्या प्रतीच्या जखमा असलेल्या ११५ बाह्यरुग्णांवरील ब्राझीलमधील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सिल्व्हर सल्फाडायाझिनाच्या तुलनेत मत्स्यत्वचेने जखम भरण्याचा काळ फारसा घटला नाही. तो दोन्ही गटांत सुमारे दहा दिवस होता. पट्ट्या बदलण्याची संख्या, वेदना व उपचाराचा खर्च मात्र लक्षणीय प्रमाणात कमी झाला. या उपचाराचे खरे मोल बरे होण्याच्या वेगात नसून बरे होईपर्यंतच्या यातना टळण्यात आहे, असे यावरून दिसते.

डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील वणव्यात पंजे भाजलेल्या दोन काळ्या अस्वलांवर व प्यूमाच्या एका पिलावर पशुवैद्यांनी टिलापियाच्या त्वचेचे उपचार केले. वन्य प्राण्यांची पट्टी रोज बदलणे शक्य नसल्याने ही पद्धत तेथे विशेष सोयीची ठरली.

कॉडची त्वचा : आइसलँडमधील केरेसिस या कंपनीने कॉडच्या त्वचेतील कोशिका काढून टाकून उरलेला सांगाडा शीतशुष्कनाने टिकविण्याची पद्धत विकसित केली. ही त्वचा वाळून गळून पडत नाही. तिच्या सच्छिद्र जाळीत रुग्णाच्या कोशिका शिरतात आणि ती हळूहळू शरीरात सामावते. सस्तन प्राण्यांच्या ऊतकांवर विषाणूंच्या भीतीने कराव्या लागणाऱ्या कठोर रासायनिक प्रक्रिया शीतजलीय माशाच्या बाबतीत टाळता येतात. त्यामुळे ओमेगा-३ वसाम्ले व त्वचेची नैसर्गिक रचना टिकून राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये तिच्या वापरास अनुमती दिली. मधुमेहजन्य पायांच्या व्रणांवरही तिचा उपयोग केला जातो. टिलापियाच्या त्वचेपेक्षा ती पुष्कळच महाग असते.

मर्यादा : मत्स्यत्वचा मानवी शरीरात कायमची रुजत नाही. तिसऱ्या प्रतीच्या जखमेवर ती फार तर त्वचारोपणाची पूर्वतयारी म्हणून उपयोगी पडते. तेथे रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेला पर्याय नाही. शरीराचा मोठा भाग भाजला असल्यास रोपणासाठी स्वतःची त्वचा अपुरी पडते व दरम्यानच्या काळात त्वचापेढीतील मानवी त्वचा जीव वाचवू शकते. मुंबईच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात २००० साली अशी पेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत त्वचादान करता येते. मत्स्यत्वचेच्या शोधामुळे या दानाची निकड संपत नाही.

माशांची अधिहर्षता असलेल्या रुग्णांत या त्वचेचा वापर टाळतात. संसर्ग झालेल्या जखमेवरही ती तशीच बसवून चालत नाही. कच्च्या माशाच्या त्वचेवर एरोमोनससारखे रोगकारक सूक्ष्मजंतू असू शकतात; म्हणून बाजारातून आणलेल्या माशाची कातडी घरच्या घरी जखमेवर लावणे अत्यंत धोक्याचे आहे. भाजल्यावर प्रथम तो भाग सुमारे वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरणे, स्वच्छ कापडाने झाकणे व रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच योग्य प्रथमोपचार होय [⟶ त्वचारोपण].