आखाड्यातले डफडे
अमरावतीजवळच्या वलगावसह वऱ्हाडात डफडे आणि पश्चिम महाराष्ट्रात हलगी म्हटले जाणारे, गोल कड्यावर चामडे ताणून केलेले वाद्य कुस्तीच्या आखाड्यात कडाडू लागले की प्रेक्षकांच्या टाळ्याही त्याच ठेक्यावर पडू लागतात. वेगवेगळ्या हालचालींनी अशी एकच लय धरण्याला समक्रमण म्हणतात. वाजवण्याआधी डफडे जाळावर शेकतात, कारण ओलावा उडाला की चामडे आक्रसून त्याचा ताण वाढतो, त्यामुळे कंपनसंख्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, वाढून आवाज खणखणीत होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जात असल्याने ३४ मीटरवरच्या प्रेक्षकाला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो, तरीही शेकडो हातांना एका लयीत बांधणारा वादक पहिलवानाइतक्याच मानाचा धनी ठरतो.